आधी गाळ, मग टीसीएल

पर्लकोटा नदीचा पूर ओसरला की गडचिरोली जिल्ह्यातल्या भामरागडच्या बाजारपेठेत सगळ्यात आधी ऐकू येतो तो फावड्याचा आवाज. २०१९च्या पावसाळ्यात हे पाणी गावात एकदा नाही, अनेकदा शिरलं. शटरवर पाणी कुठवर चढलं होतं त्याची तपकिरी रेघ, टेबलाच्या खणात बोटभर चिखल, भिंतीला टेकवून वाळत घातलेल्या वह्या. अशात कुणीतरी हमखास टीसीएलची पिशवी फोडतं आणि त्या ओल्या गाळावरच पांढरी पावडर भुरभुरवतं. वास नाकाला झोंबतो, आणि जागा निर्जंतुक झाली असं सगळ्यांना वाटतं. खरं तर पावडर वाया गेलेली असते, आणि फावड्याचं काम अजून अर्धंही झालेलं नसतं.

टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर. तिच्यातला क्लोरीन विषाणू कोणता आणि शेवाळ कोणतं हे ओळखत नाही. समोर जे सेंद्रिय येईल त्याला तो भिडतो. गाळात कुजलेला पाला आहे, शेण आहे, माती आहे. क्लोरीन त्यांच्याशी झुंजण्यातच संपून जातो आणि विषाणूपर्यंत पोचतो तेव्हा त्यात दम उरलेला नसतो. म्हणून क्रम उलटा चालत नाही. आधी गाळ उपसायचा, मग साबणाच्या पाण्याने घासायचं, साध्या पाण्याने धुवायचं, आणि मग क्लोरीन.

भामरागडच्या तीनेक किलोमीटर अलीकडे हेमलकसा. २३ डिसेंबर १९७३ला बाबा आमट्यांनी इथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी माडिया लोकांसाठी दवाखाना उभा केला. तेव्हा वीज नव्हती. वीज नसलेल्या ठिकाणी निर्जंतुकीकरणाचा हाताशी असलेला मार्ग म्हणजे चूल आणि उकळतं पाणी. पण उकळून घेता येतात त्या सुया आणि चिमटे, खोली उकळता येत नाही. आज तिथे दवाखाना आहे, निवासी शाळा आहे, प्राण्यांचं अनाथालय आहे. या भागात पेशंट एकटा येत नाही, घरची माणसं सोबत येतात. एका नळाच्या तोटीला, एका कडीला दिवसभरात किती हात लागतात ते मोजायला गेलं तर मोजणारा दमेल. आश्रमशाळेचं स्वयंपाकघर, रेशनचं दुकान, ग्रामपंचायत, बँकेची खिडकी, सगळीकडे हीच गत.

विषाणू दोन जातींचे धरून चाला, शास्त्रज्ञ माफ करतील. काहींच्या अंगावर चरबीचं पातळ पांघरूण असतं, करोना त्यातलाच. साबणाच्या रेणूचं एक टोक पाण्याला धरतं, दुसरं चरबीला. घासलं की पांघरूण फाटतं आणि विषाणू संपतो. दुसऱ्या जातीला पांघरूणच नसतं. मुलांना जुलाब लावणारा रोटा, उलट्यांची साथ आणणारा नोरो, काविळीचा हेपॅटायटिस ए हे त्यातले. साबण यांना मारत नाही, फक्त धुऊन वाहून नेतो. हात चोळायचं सॅनिटायझरही यांच्यापुढे कमी पडतं. इथे क्लोरीन लागतो. पुराच्या गावात आणि वसतिगृहाच्या संडासात खरी भीती या दुसऱ्या जातीची असते.

आता पावडर. ताज्या टीसीएलमध्ये कामाचा क्लोरीन साधारण ३३ टक्के असतो. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २९ मार्च २०२०ला कचेऱ्यांसाठी ज्या सूचना काढल्या, त्यात पृष्ठभागांसाठी १ टक्क्याचं हायपोक्लोराइट सांगितलं होतं. त्या हिशोबाने लिटरला ३० ग्रॅम, म्हणजे १० लिटरच्या बादलीला ३०० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना दवाखान्याबाहेरच्या साध्या जागांना ०.१ टक्का पुरे म्हणते. तेव्हा बादलीला ३० ग्रॅम. हा दहापट फरक लहान नाही. स्वच्छ घासलेल्या टेबलाला ३० ग्रॅमची बादली पुरते. जिथे कुणी ओकलं आहे किंवा जुलाब झाला आहे, तिथे मी १ टक्क्याची बादली वापरीन.

पण हे गणित ताज्या पावडरीचं. टीसीएल हवेतली ओल पिते, उन्हाने तापते, आणि क्लोरीन उडून जातो. आलापल्लीच्या रस्त्यावरचे नाले भरले की हा भाग तुटतो, म्हणून पोती आधीच आणून ठेवावी लागतात. ती नेमकी जंगलातल्या सर्वांत दमट महिन्यांत पडून राहतात. तोंड सुटलेल्या पोत्यात क्लोरीन २० टक्क्यांवर उतरला असेल तर १ टक्क्याच्या बादलीला ३०० नव्हे, ५०० ग्रॅम लागतील. गोळे झालेली, नाकाशी नेली तरी वास न येणारी पावडर ही पावडर नसून चुना आहे. ती झाडाच्या बुंध्याला लावावी. पोतं फोडलं की उरलेली पावडर घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात भरायची आणि डबा जमिनीवर न ठेवता फळीवर, सावलीत ठेवायचा.

पाण्यात सरळ ओतली तर पावडर गुठळ्या धरते. प्लास्टिकच्या बादलीत (लोखंडी किंवा अ‍ॅल्युमिनियमची नको, क्लोरीन धातू खातो) मोजलेली पावडर घ्यायची, थोडं थोडं गार पाणी घालून लाकडी काठीने भज्याच्या पिठासारखी कालवायची, मग उरलेलं पाणी ओतून ढवळायचं. हे दारात उभं राहून, हातमोजे घालून, वारं पाठीवर घेऊन करायचं. झाकून अर्धा तास ठेवलं की खाली चुना बसतो आणि वर निवळी येते. फडकं बुडवायचं ते या निवळीत. न निवळता पुसलं की फरशी वाळल्यावर पांढरे ओघळ दिसतात, आणि मग साहेब विचारतात की ही कसली सफाई. गरम पाण्याचा मोह टाळावा, त्याने क्लोरीन लवकर उडतो. निवळी रोज नवी करायची, संध्याकाळी उरली तर संडासात ओतायची.

फिनेल किंवा अ‍ॅसिड यात मिसळायचं नाही, हे कितीही वेळा सांगितलं तरी कमीच. एका कचेरीत संडासात आधी टीसीएल टाकून वरून फरशीचं अ‍ॅसिड ओतलेलं मी पाहिलं आहे. झाडणारी बाई तोंडाला पदर लावून खोकत बाहेर आली आणि पायरीवरच बसली. अ‍ॅसिडने टीसीएलमधला क्लोरीन वायू होऊन सुटतो, आणि बंद खोलीत तो जीवही घेऊ शकतो. नंतर चौकशी झाली ती अ‍ॅसिडची बाटली कुणी फोडली याची.

खोली पुसताना वरून खाली यायचं आणि आतून दाराकडे. आधी कमी घाण जागा, शेवटी संडास. एक बादली साबणाची, एक साध्या पाण्याची, एक निवळीची. पोछा निवळीत बुडवण्याआधी साध्या पाण्यात खळबळून पिळायचा, नाहीतर दहा मिनिटांत निवळीचा गढूळ चहा होतो. संडासाचं फडकं वेगळ्या रंगाचं हवं, कारण रंग लक्षात राहतो आणि सूचना विसरली जाते. फरशीपेक्षा हात लागतात त्या जागांना जास्त वेळ द्यायचा: कडी, तोटी, जिन्याचा कठडा, विजेचं बटण, शिक्क्याचं हँडल. संगणक आणि धातूच्या नाजूक वस्तूंना ७० टक्के अल्कोहोल. त्यातलं पाणी मुद्दाम असतं. निव्वळ अल्कोहोल पटकन उडून जातं आणि काम अर्धवट राहतं.

मग थांबायचं. निवळी लावलेला पृष्ठभाग दहा मिनिटं ओला राहिला पाहिजे. हे सगळ्यात जास्त चुकतं, कारण पुसणं दिसतं आणि थांबणं दिसत नाही. चंद्रपूर-गडचिरोलीच्या मे महिन्यात टेबल दोन मिनिटांत कोरडं होतं, तेव्हा पुन्हा ओला हात फिरवावा लागतो. वेळ झाल्यावर कडीकोयंडे साध्या पाण्याने पुसायचे, नाहीतर आठवड्यात गंजतात. शेणाने सारवलेल्या जमिनीवर मात्र टीसीएल शिंपण्यात अर्थ नाही, ती जमीनच क्लोरीन खाते. तिथे झाडलोट, कोरडेपणा आणि ऊन.

करोनाच्या पहिल्या महिन्यांत माणसांवरही औषध फवारलं गेलं. एप्रिल २०२०मध्ये केंद्राला ‘माणसांवर फवारू नका’ असं पत्रक काढावं लागलं. प्लास्टिक आणि स्टीलवर हा विषाणू ७२ तासांपर्यंत सापडतो हे तेव्हा छापून आलं होतं, पण सापडणं वेगळं आणि लागण होणं वेगळं. एप्रिल २०२१मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने (सीडीसी) सांगितलं की वस्तूला हात लागून करोना होण्याची शक्यता दर स्पर्शामागे दहा हजारांत एकाहून कमी आहे. तो मुख्यतः हवेतून येत होता. कठडे पुसणाऱ्या कचेरीने खिडक्या मात्र एसीसाठी बंद ठेवल्या होत्या. मुंबईत १८९६च्या प्लेगमध्ये गटारं समुद्राच्या पाण्याने आणि कार्बोलिकने धुतली गेली, आणि रोग होता उंदरांच्या पिसवांत; हे फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमॉंला कराचीत १८९८मध्ये दिसलं. रोग कोणत्या वाटेने येतो ते न पाहता औषध ओतलं की असं होतं.

तेव्हा रस्ता बंद आहे, गावात टीसीएलचं एकच पोतं उरलंय, तर मी ते असं वापरीन. पहिला वाटा विहिरीला आणि टाकीला: हजार लिटरला ५ ग्रॅम, अर्ध्या तासाने पाण्यातला क्लोरीन दाखवणाऱ्या ओटी टेस्टचे थेंब टाकून नमुना पिवळा होतो का ते जलसुरक्षकाने पाहायचं. दुसरा वाटा संडासाची कडी, तोटी आणि जिथे कुणी ओकलं असेल ती जागा. तिसरा दवाखाना आणि स्वयंपाकघर. उरलेल्या कचेऱ्यांना साबण, खराटा आणि उघडी खिडकी. बाजारपेठेतल्या गाळाला पावडर नाहीच. त्याला अजून दोन माणसं आणि दोन फावडी.