इंग्रजी उपपदे आणि पवित्र शास्त्राचे वाचन

संकेश्वर-निपाणी परिसरातील आपल्या धर्मसेवकांचे जीवन तीन भाषांत चालते. घरी व उपासनेत मराठी, बाजारात व कचेरीत कन्नड, आणि भाष्यग्रंथ उघडला की इंग्रजी. यांपैकी पहिल्या दोन भाषांत उपपद नाही. त्यामुळे 'ए', 'ॲन' आणि 'द' हे लहानसे शब्द आपणांस केवळ भरीचे वाटतात. लिहिताना ते गळतात, वाचताना त्यांवरून दृष्टी घसरते. लिहिण्यातील चूक क्षम्य आहे. वाचण्यातील चूक मात्र कधीकधी उपदेशाचा आशयच पालटून टाकते.

'ती व्यक्ती वा वस्तू कोणती हे ऐकणाऱ्यास ठाऊक आहे' असे बोलणारा गृहीत धरतो तेव्हा 'द' येते; 'अनेकांपैकी कोणतीही एक' असा भाव असता 'ए' किंवा 'ॲन'. मूळ पाहता 'ॲन' म्हणजे जुन्या इंग्रजीतील 'एक', आणि 'द' हे 'तो, ती, ते' अशा दर्शक सर्वनामाचे झिजलेले रूप. हा भेद मराठीस अपरिचित आहे असे नव्हे. ती तो निराळ्या रीतीने दाखविते. 'मंडळी पाळक शोधत आहे' म्हटले की पाळकाची जागा रिकामी आहे असे समजावे. 'मंडळी पाळकाला शोधत आहे' म्हटले की पाळक आहेत, पण वेळेवर सापडत नाहीत! इंग्रजीत पहिल्या ठिकाणी 'ए पास्टर' व दुसऱ्या ठिकाणी 'द पास्टर' येईल. आपला 'ला' हा प्रत्यय येथे 'द'चेच काम करतो. हे एकदा ध्यानी आले म्हणजे पुष्कळसे नियम घोकावे लागत नाहीत.

'ए' की 'ॲन' हे अक्षरावरून नव्हे, तर उच्चारावरून ठरते. म्हणून 'ॲन अवर' पण 'ए युकॅरिस्ट', 'ए बी.डी.' पण 'ॲन एम.टीएच.'. गावाच्या नावास उपपद नाही, नदीच्या नावास आहे: संकेश्वर नुसते, हिरण्यकेशी मात्र 'द हिरण्यकेशी'. 'ग्रेस', 'फेथ' हे भाववाचक शब्द सामान्य अर्थाने एकटेच येतात. कृपा कोणाची हे सांगितले की बहुधा 'द ग्रेस ऑफ गॉड' असे होते. पौल बंदिवान होता असे सांगताना 'इन प्रिझन' म्हणावे. त्याच्या भेटीस जाणारा मात्र 'टू द प्रिझन' जातो, कारण त्याला त्या इमारतीशी काम आहे. 'टू चर्च' आणि 'टू द चर्च' यांतही हाच भेद आहे. उपासक पहिल्या प्रकारे जातो, गवंडी दुसऱ्या प्रकारे.

आता पवित्र शास्त्राकडे वळू. इब्री व ग्रीक या दोन्ही भाषांत निश्चित उपपद आहे, अनिश्चित नाही. म्हणून इंग्रजी शास्त्रात जेथे 'ए' दिसते तेथे ते भाषांतरकाराने आपल्या निर्णयाने घातलेले असते, आणि हा निर्णय चुकूही शकतो. योहान 4:27 घ्या. शोमरोनी स्त्रीशी प्रभू बोलत असता शिष्य परत आले व आश्चर्य पावले. 1611 च्या इंग्रजी भाषांतरात तेथे 'द वुमन' आहे. जणू काही त्या विशिष्ट स्त्रीशी बोलणे त्यांस खटकले. ग्रीकमध्ये तेथे उपपद नाही. 1881 च्या सुधारित भाषांतराने 'ए वुमन' केले आणि खरे कारण पुढे आले: गुरूने भररस्त्यात एका स्त्रीशी बोलावे, याचेच त्यांना नवल वाटले. पहिल्या वाचनावरून तिच्या चारित्र्यावर उपदेश होईल, दुसऱ्यावरून शिष्यांच्या पूर्वग्रहावर. तीमथ्याला पहिले पत्र 6:10 येथेही तसेच आहे. द्रव्यलोभ हे सर्व वाइटाचे एकमेव मूळ, की अनेक मुळांपैकी एक? 1881 च्या भाषांतराने तेथेही 'द' काढून 'ए' घातले.

सर्वांत गंभीर प्रश्न योहान 1:1 चा. तेथे शब्दाविषयी 'देव' हे पद उपपदावाचून आले आहे. यहोवाच्या साक्षीदारांनी 1950 च्या आपल्या भाषांतरात त्याचे 'ए गॉड' केले आणि वादाला धार आली. हे पुस्तक हाती घेऊन कोणी दारात आले तर धर्मशिक्षकाने गोंधळून जाऊ नये. ग्रीकमध्ये विधेय-नाम क्रियापदाच्या आधी आले की त्याचे उपपद बहुधा गळते, हे ई. सी. कॉलवेल यांनी 1933 साली दाखविले. म्हणून उपपदाच्या अभावावरून 'अनेकांपैकी एक देव' असे सिद्ध होत नाही. तथापि कॉलवेलच्या नियमाचा आपल्या बाजूने अतिरेकही करू नये. त्या नियमाने 'द गॉड' हा अर्थ सिद्ध होतो असेही नाही. फिलिप हार्नर यांनी 1973 साली मांडलेले मत अधिक ग्राह्य वाटते. अशा रचनेत नाम मुख्यतः स्वरूप सांगते: शब्द स्वरूपाने देवच होता. तेथे उपपद असते तर शब्द आणि ज्याच्यासह तो होता तो पिता, हे एकच व्यक्ती ठरले असते. शिवाय त्याच अध्यायाच्या 6, 12 व 13 या वचनांतही 'देव' हे पद उपपदावाचून आहे, आणि तेथे तेच भाषांतर मुकाट्याने 'गॉड' असे लिहिते.

लूक 18:13 मध्ये उलट स्थिती आहे. जकातदाराच्या प्रार्थनेत ग्रीकमध्ये उपपद आहे, पण 1611 च्या भाषांतरात 'ए सिनर' आहे. न्यू अमेरिकन स्टँडर्ड भाषांतराने 'द सिनर' ठेवले. सर्व भाष्यकार या उपपदावर भर देत नाहीत हे खरे. परंतु तेथे उभा असलेला परूशी स्वतःची तुलना इतरांशी करीत असता, जकातदाराला मात्र त्या मंदिरात एकच पापी दिसत होता.