संगणकाचा मुकादम बदलताना

संगणकावर बोलायला विद्वान वक्ते पुष्कळ आहेत. आम्ही जे शिकलो ते कारखान्याच्या खात्यात आणि युनियनच्या कचेरीत. तेव्हा या विषयाकडे आम्ही कामगाराच्या नजरेनेच पाहणार. प्रश्न साधा आहे: संगणकाची ऑपरेटिंग सिस्टीम बदलायची वेळ आली, की कामकरी माणूस इतका मेटाकुटीला का येतो?

प्रथम ही सिस्टीम म्हणजे काय ते पाहू. खात्यात यंत्रे असतात, कामगार असतात. पण कोणी कोणत्या यंत्रावर किती वेळ राबायचे, हे ठरवायला मुकादम लागतो. संगणकातही तसेच आहे. पत्राचा, हिशेबाचा, चित्रांचा असे निरनिराळे प्रोग्रॅम हे कामगार. प्रोसेसर, मेमरी, डिस्क, प्रिंटर ही यंत्रे. आणि मधला मुकादम म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम. प्रोग्रॅम आपली छपाईची मागणी मुकादमाकडे देतो, आणि मुकादम ती ड्रायव्हर नावाच्या दुभाष्यामार्फत प्रिंटरला कळवतो.

आता मुकादम बदलला की जुना दुभाषा पुष्कळदा निरुपयोगी होतो. ३२ बिटांच्या सिस्टीमसाठी लिहिलेला ड्रायव्हर ६४ बिटांच्या सिस्टीमवर चालत नाही. प्रिंटर तोच, शाई तीच, कागद तोच. पण कंपनीने नवा ड्रायव्हर काढला नाही, तर धडधाकट प्रिंटर माळ्यावर जातो. विंडोज ११ तर फक्त ६४ बिटांचीच आहे आणि १६ बिटांचे जुने प्रोग्रॅम तिच्यावर चालत नाहीत. एखाद्या पतपेढीने तीस वर्षांपूर्वी करून घेतलेला प्रोग्रॅम व्याज अजून अचूक काढीत असेल, तरी नवा मुकादम त्याला दारातच अडवतो.

मराठीची गोष्ट आणखी वेगळी. युनिकोड रूढ होण्यापूर्वी फॉन्ट करणाऱ्यांनी अक्षरांचे क्रमांक आपापल्या सोयीने ठरवले होते. नव्या संगणकावर तो फॉन्ट बसला नाही, की सभेचे जुने इतिवृत्त उघडते खरे, पण ‘ठराव सर्वानुमते मंजूर’ याच्या जागी रोमन अक्षरे आणि चिन्हे यांचा नुसता चिवडा दिसतो.

मग कोणी म्हणेल, बदलूच नका! तेही चालणार नाही. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ नावाचा हल्ला जगभर पसरला. संगणकांतील फायलींना कुलपे लागली आणि खंडणी मागितली गेली. इंग्लंडच्या सरकारी रुग्णालयांत रोग्यांच्या हजारो भेटी रद्द झाल्या. वास्तविक हे भोक बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिली होती. ती ज्यांनी बसवली नव्हती ते सापडले. आपल्याकडेही रिझर्व्ह बँकेला जून २०१८ मध्ये बँकांना बजावावे लागले, की मुदत संपलेल्या सिस्टीमवर चालणारी एटीएम जून २०१९ पर्यंत सुधारून घ्या. दुरुस्त्या थांबलेली सिस्टीम म्हणजे कडी नसलेले दार होय.

परंतु येथे एक भेद ध्यानात घ्यावा. भोक बुजवणे वेगळे आणि घरच बदलायला लावणे वेगळे. विंडोज १० जुलै २०१५ मध्ये आली. तिच्या नेहमीच्या मोफत दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या. घरगुती संगणकांना नाव नोंदवून वर्षभराची वाढीव मुदत देण्यात आली. विंडोज ११ ला मात्र टीपीएम २.० ही, गुप्त किल्ल्या सांभाळणारी सोय लागते आणि ठरावीक प्रोसेसरच चालतो. सुरक्षेचे हे कारण खोटे नाही. पण परिणाम असा, की २०१६ साली घेतलेला, कसलीही तक्रार नसलेला संगणक बहुधा अपात्र ठरतो. दुरुस्ती हवी असेल तर नवे यंत्र घ्या, असा हा हिशेब आहे.

या हिशेबात एक रक्कम कोणीच मांडत नाही. बटणे जागा बदलतात, मेनू हरवतात, आणि दहा वर्षांत हाताला बसलेले वळण मोडते. ते पुन्हा बसवण्याचे श्रम कारकुनाचे; पगारपत्रक उशिरा निघाले तर बोलणीही त्यालाच.

औद्योगिक विवाद कायद्यात १९५६ साली एक कलम घातले गेले: कामाच्या ठरावीक अटी बदलायच्या तर मालकाने २१ दिवस आधी नोटीस द्यावी. त्यामागची नीती येथेही लागू करावी, असे आमचे म्हणणे आहे. कचेरीने सिस्टीम बदलण्यापूर्वी कामगारांना विचारावे, शिकण्याचा वेळ पगारी कामात धरावा. आधी सर्व फायलींची प्रत वेगळ्या डिस्कवर काढावी, जुने मराठी मजकूर युनिकोडमध्ये उतरवून घ्यावेत, एकाच संगणकावर बदल करून प्रिंटर आणि हिशेब तपासावेत, आणि मगच बाकीच्यांना हात लावावा. अपात्र ठरलेले यंत्र भंगारात घालण्यापूर्वी त्यावर लिनक्स चालवून पाहावी. केरळच्या सरकारी शाळांनी ती वाट यशस्वीपणे चोखाळली आहे.

आणि खरेदी करतानाच विचारावे: दुरुस्त्या किती वर्षे मिळतील? युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून मोबाइल फोन आणि टॅब्लेटसाठी नियम केला, की मॉडेलची विक्री थांबल्यावरही किमान पाच वर्षे सिस्टीमच्या सुधारणा मिळाल्या पाहिजेत. फोनला जे लागू होते ते संगणकालाही लागू व्हावे, ही मागणी ग्राहकांनी आणि कामगारांनी मिळून करण्यासारखी आहे. एकट्याने कुरकुर केली तर ती टेबलापाशीच विरते. दहा कचेऱ्यांनी खरेदीच्या करारात हीच अट घातली, तर विकणाऱ्याला तिचे उत्तर द्यावे लागेल.