चूक सापडली, पुढचं कुणी ठरवायचं?

भिलाई पोलाद कारखान्याच्या युनिव्हर्सल रेल मिलमध्ये १३० मीटर लांबीचा अखंड रूळ तयार होतो. त्याच्या वाटेवर अल्ट्रासॉनिक आणि एडी करंट तपासणीची यंत्रं आहेत. आत पोकळी किंवा तडा सापडला की यंत्र ती जागा दाखवतं, पण मिल बंद पाडत नाही. तेवढा तुकडा कापायचा की रूळच नाकारायचा, हे ठरवणारे दुसरे.

त्याच परिसरात, कुटेलाभाठ्याला आयआयटी भिलाई आहे, २०१६ साली सुरू झालेली. तिथल्या मुलांना रोज लागणारं, कोडचा इतिहास राखणारं गिट हे मुक्त सॉफ्टवेअर मात्र मिलमधल्या यंत्रांच्या उलट चालत आलं आहे.

लिनस टोरवाल्ड्सने २००५च्या एप्रिलमध्ये गिट लिहायला घेतलं आणि काही महिन्यांतच ते जुनिओ हमानोंच्या हाती सोपवलं. गिटच्या सेटिंग साध्या मजकुराच्या कॉन्फिग फाइलमध्ये असतात. चौकोनी कंसात विभागाचं नाव, खाली ‘नाव = किंमत’ अशा ओळी. ही फाइल वाचणारा पार्सर तसा दिलदार आहे. ‘येस’, ‘ऑन’, ‘ट्रू’ किंवा १, काहीही लिहा, त्याला ‘हो’ एवढंच कळतं. मोठ्या संख्येपुढे के, एम, जी लावलेलंही चालतं. पण कंस बंद करायचा राहिला की ‘फेटल: बॅड कॉन्फिग लाइन ३’ असं ठणकावून प्रोग्राम जागीच संपतो. गिटमध्ये हे करणाऱ्या सी फंक्शनचं नावच ‘डाय’ आहे.

सुरुवातीला यात वावगं काही नव्हतं. गिट म्हणजे तेव्हा छोट्या छोट्या कमांडची मोळी. एक मेली तर बिघडत नव्हतं. अडचण आली ती परक्या फाइलींमुळे. सबमॉड्यूलची, म्हणजे प्रकल्पात जोडलेल्या दुसऱ्या प्रकल्पाची, ‘गिटमॉड्यूल्स’ फाइल याच व्याकरणात लिहिलेली असते, पण ती दुसऱ्या कुणाची असते आणि इतिहासात गोठलेलीही असते. ती दुरुस्त करणार कोण? २०१८ साली सबमॉड्यूलच्या नावातून घातक कोड चालवता येतो हे उघड झालं आणि गिटच्या ‘एफएससीके’ या तपासनीसाला जुन्यापान्या गिटमॉड्यूल्स फाइली वाचणं भाग पडलं. त्यातली एखादी वेडीवाकडी निघाली म्हणून तपासनीसानेच मरायचं? पार्सरला हाक मारणाऱ्याने आधीच सांगून ठेवायचं, अशी सोय कामी आली: चूक सापडली तर मर, नुसतं कळव, किंवा गप्प राहून फक्त अपयश परत कर. यातलं गप्प राहणं त्याच वर्षी आलं.

लिनक्सवर प्रशासकाचे अधिकार वापरू देणाऱ्या सुडोचा मार्ग वेगळा. त्याच्या नियमांच्या फाइलीत व्याकरण चुकलं की आधी तो कामच नाकारत असे. १.९.३ आवृत्तीपासून तो चुकलेल्या जागेपासून ओळीचा शेवट टाकून देतो आणि पुढे जातो. माझ्या मनाला हे पुरतं पटत नाही. गळालेली ओळ मनाईची असली तर? पण प्रशासकच बाहेर अडकून पडण्यापेक्षा हे बरं, हा युक्तिवादही खोडता येत नाही.

अशा पार्सरची फेरमांडणी करताना फसगत कुठे होते, ते गिटच्या एका जागी लख्ख दिसतं. पार्सर एकेक अक्षर वाचतो. ओळ संपली की ओळक्रमांक एकाने वाढवतो. पण किंमत संबंधित कोडकडे सोपवेपर्यंत ओळ संपलेली असते, म्हणजे आकडा एकाने पुढे गेलेला. म्हणून सोपवण्याआधी तो एकाने कमी करतात आणि सगळं सुरळीत झालं तरच पुन्हा वाढवतात. हे वजा-अधिक नव्या माणसाला अडगळ वाटेल. काढून टाकलं तरी चांगल्या फाइली मुकाट वाचल्या जातील. ज्याची सातवी ओळ चुकली आहे, तो मात्र आठवीकडे बघत बसेल.

२०२३च्या गिट २.४२ आवृत्तीत याच कोडची एक मोठी झाडझूड झाली. कुठल्या फाइलीतली कितवी ओळ, ही माहिती तोवर सामायिक चलात लपून असायची; ती आता प्रत्येक किमतीसोबत उघडपणे हाती दिली जाते. कोड तपासणाऱ्या माणसांचं खरं काम अशाच बदलांत असतं, कारण ‘चालतंय ना?’ या प्रश्नाला उत्तर ‘हो’च येतं.

तेव्हा भिलाईत असा किंवा पुण्यात, कॉन्फिग वाचणाऱ्या कोडला हात लावण्याआधी एक मोडकी फाइल चाचणीत घाला. संदेश, ओळक्रमांक आणि एक्झिट कोड टिपून ठेवा. पॅच पाठवण्यापूर्वी तिन्ही ताडून पाहा.