विश्लेषण : ऑटोइम्युन आजारांच्या संशोधनाची भिस्त ‘पोस्टडॉक’वर का?

शरीराचे रक्षण करणारी यंत्रणाच शरीरावर उलटली की ल्युपस, आमवात, टाइप-१ मधुमेह, मल्टिपल स्क्लेरोसिस असे ऑटोइम्युन, म्हणजेच स्वयंप्रतिकार आजार होतात. या यंत्रणेला लगाम घालणाऱ्या पेशींच्या शोधासाठी २०२५चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मेरी ब्रंको, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना जाहीर झाले. मात्र हे ज्ञान रुग्णापर्यंत नेण्याचे रोजचे काम बहुतांशी तात्पुरत्या नेमणुकीवरील ‘पोस्टडॉक’ संशोधक करतात. ते नेमके काय करतात?

पोस्टडॉक म्हणजे कोण?

पीएचडी आणि कायमस्वरूपी पद यांच्यामधला हा टप्पा. प्रयोग आखणे, ते करणे, शोधनिबंध लिहिणे आणि पीएचडीच्या विद्यार्थ्यांना हाताशी धरून शिकवणे अशी जबाबदारी असते. नेमणूक मात्र प्रकल्प असेपर्यंतच. भारतात केंद्र सरकारच्या निधीवरील प्रकल्पांत या पातळीवर ‘रिसर्च असोसिएट’ असतात. जानेवारी २०२३पासून त्यांना दरमहा ५८ हजार ते ६७ हजार रुपये आणि घरभाडे भत्ता लागू झाला.

उंदरांवरील प्रयोग पुरेसे का नाहीत?

सुरुवात अनेकदा उंदरांपासूनच होते. साकागुची यांनी १९९५मध्ये नियामक टी पेशी दाखवून दिल्या, त्या उंदरांमध्ये. ब्रंको आणि रॅम्सडेल यांनी आजारी उंदरांच्या एका वाणात ‘फॉक्सपी३’ जनुकातील दोष शोधला. त्याच जनुकातील दोषामुळे मुलग्यांना ‘आयपेक्स’ हा गंभीर ऑटोइम्युन आजार होतो, हे २००१मध्ये स्पष्ट झाले.

पण दर वेळी असे जुळत नाही. प्रयोगशाळेतील उंदीर एकाच वंशाचे आणि स्वच्छ पिंजऱ्यात वाढलेले असतात. माणसांची जनुके, आहार, झालेले संसर्ग सारेच वेगळे. लंडनमध्ये मार्च २००६मध्ये ‘टीजीएन१४१२’ हे औषध सहा निरोगी स्वयंसेवकांना दिले गेले. माकडांमध्ये ते सुरक्षित ठरले होते. मात्र या सहाही जणांना काही तासांतच अतिदक्षता विभागात हलवावे लागले. माणसाच्या टी पेशींनी औषधाला वेगळाच प्रतिसाद दिला होता.

रुग्णाच्या रक्ताचे पुढे काय होते?

नीतिमत्ता समितीची मंजुरी आणि रुग्णाची लेखी संमती ही पहिली पायरी. रक्त काढल्यावर काही तासांत त्यातील पांढऱ्या पेशी वेगळ्या कराव्या लागतात, नाहीतर नमुना वाया जातो. उरलेल्या पेशी द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवतात. ‘फ्लो सायटोमीटर’ हे यंत्र चमकणारे रंग लावलेल्या पेशी लेझरसमोरून एकेक करून नेते आणि त्यांचे प्रकार मोजते. नव्या तंत्राने एकेका पेशीत कोणती जनुके कामात आहेत, हेही वाचता येते.

खरी कसोटी तुलनेत असते. ल्युपसच्या दहापैकी साधारण नऊ रुग्ण महिला असतात. त्यामुळे निरोगी गटही वय आणि लिंग जुळणारा हवा. रुग्ण स्टेरॉइड घेत असेल तर दिसणारा बदल आजाराचा की औषधाचा, हे ठरवावे लागते.

यातून हाती काय लागले?

अमेरिकी लष्करातील एक कोटीहून अधिक जणांच्या नोंदी आणि साठवलेले रक्तनमुने यांच्या आधारे २०२२मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एपस्टाइन-बार विषाणूच्या संसर्गानंतर मल्टिपल स्क्लेरोसिसचा धोका ३२ पट वाढल्याचे त्यात आढळले.

जर्मनीतील एर्लांगेन येथे डॉक्टरांनी कर्करोगासाठीची ‘कार-टी’ उपचारपद्धती ऑटोइम्युन आजारांवर वापरली. २०२४मध्ये १५ रुग्णांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यातील ल्युपसच्या आठही रुग्णांचा आजार शमला आणि पंधराही जणांची प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे थांबवता आली. रुग्णसंख्या लहान असल्याने मोठ्या चाचण्या आवश्यक आहेत. आयआयटी मुंबईत विकसित झालेल्या कार-टी उपचाराला भारतात २०२३मध्ये मंजुरी मिळाली, ती रक्ताच्या कर्करोगांसाठी.

अडचण कुठे आहे?

अडचण वेळेच्या हिशेबात आहे. ऑटोइम्युन आजार वर्षानुवर्षे चढतो आणि उतरतो. त्याचे कारण शोधायचे तर त्याच रुग्णाचे नमुने अनेक वर्षे घ्यावे लागतात. पोस्टडॉकची नेमणूक मात्र बहुधा दोन-तीन वर्षांची. निधी संपला की फ्रीजरमधील नमुने मागे राहतात. ते कसे घेतले, कोणत्या नोंदीवर विसंबायचे, हे जाणणारी व्यक्ती निघून जाते.

भारतासाठी हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. आजारांशी निगडित जनुकांचे बहुतेक मोठे अभ्यास युरोपीय वंशाच्या लोकांवर झाले आहेत. त्यांचे निष्कर्ष येथील रुग्णांना किती लागू पडतात, हे येथल्याच नमुन्यांवरून कळेल. पुण्यातील राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र, मुंबईत केईएम रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय प्रतिरक्षा रक्तविज्ञान संस्था अशा संस्था राज्यात आहेत. रुग्णालयांतील रुग्णसंख्याही मोठी आहे. प्रश्न आहे तो नमुन्यांबरोबर ते वाचणारे हातही दीर्घकाळ टिकवण्याचा.