मावशीचं सांगता, मग आत्याचं कोण सांगणार?

नागपूरच्या प्रताप नगरातून आजचा प्रश्न: घरात कोणाला स्तनाचा कॅन्सर झाला असेल, तर आपल्यालाही होणार का?

बहुतेक वेळा, नाही. अशा १०० पेशंटमध्ये साधारण ५ ते १० जणींचाच कॅन्सर थेट वारशाने आलेल्या जनुकातल्या बिघाडामुळे होतो. त्यातली सगळ्यात माहितीची जनुकं दोन: बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२. पहिलं १९९४ मध्ये सापडलं, दुसरं १९९५ मध्ये. खरं तर ही जनुकं आपल्या बाजूची. तुटलेला डीएनए दुरुस्त करणं हे त्यांचं काम.

प्रत्येकाकडे यांच्या दोन कॉपी असतात. एक आईची, एक बाबांची. एक बिघडलेली आली तरी दुसरी काम सांभाळते, बॅकअपवर चाललेल्या सर्व्हरसारखी. पण एखाद्या पेशीत तीही बंद पडली की चुका साचत जातात. म्हणजे वारशात कॅन्सर येत नाही, धोका येतो. २०१७ च्या एका मोठ्या परदेशी अभ्यासाचा अंदाज असा, की बिघाड असलेल्या १०० पैकी सुमारे ७० जणींना वयाच्या ८० पर्यंत स्तनाचा कॅन्सर होऊ शकतो.

आता मुद्द्याचं. डॉक्टरांनी "घरात कोणाला होता का?" विचारलं की आपण आई, मावशी, आजी सांगतो. आत्या राहूनच जाते. पण बिघडलेली कॉपी बाबांकडूनही येते, आणि ज्यांच्याकडे ती आहे त्यांच्या प्रत्येक मुलाला किंवा मुलीला ती मिळण्याची शक्यता ५० टक्के. बाबा स्वतः ठणठणीत असले तरी! मुलांनो, हा एपिसोड तुमच्यासाठीही आहे.

म्हणून दोन्हीकडची यादी करा: कोणाला, कोणता कॅन्सर, कितव्या वर्षी. पन्नाशीच्या आत स्तनाचा, कोणत्याही वयात अंडाशयाचा, किंवा पुरुषाला स्तनाचा कॅन्सर असेल, तर जेनेटिक काउन्सेलिंगबद्दल विचारा. सुरुवात इथेच करा, मेडिकलमध्ये किंवा तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटलमध्ये. टाटा मेमोरियलचं खास जेनेटिक क्लिनिक खारघरला आहे.

टेस्ट रक्ताची किंवा लाळेची असते. शक्यतो जिला कॅन्सर झालाय तिची आधी करतात. तिच्यात नेमका बदल सापडला, की बाकीच्यांचा तेवढाच तपासता येतो. बिघाड निघाला तरी हातात बरंच काही असतं: लवकर सुरू केलेली एमआरआय तपासणी, औषधं, काहींसाठी ऑपरेशन.

तर या रविवारी आत्याला एक फोन लावा. भेटू पुढच्या भागात!