मुंगूस : मराठीतून इंग्रजीत गेलेला प्राणी

वसईजवळच्या निर्मळ गावातल्या केळीच्या आणि फुलांच्या वाड्यांतून मुंगूस सर्रकन आडवं जातं. इंग्रजीत त्याला ‘मॉन्गूस’ म्हणतात. इंग्रजी शब्दकोश उघडून पाहा, या शब्दाचं मूळ म्हणून तिथे चक्क ‘मराठी’ लिहिलेलं असतं!

मराठीत मुंगूस आणि मंगूस अशी दोन्ही रूपं आहेत. तेलुगूत ‘मुंगिस’, कन्नडमध्ये ‘मुंगिसि’. म्हणजे शब्दाचं मूळ द्रविड भाषांपर्यंत पोहोचतं. पश्चिम किनाऱ्यावर आलेल्या पोर्तुगीजांनी तो उचलला. पोर्तुगीजमध्ये तो ‘मांगुस्तु’ झाला, फ्रेंचमध्ये ‘मांगूस्त’.

आपली वसई 1534 ते 1739 पोर्तुगीजांकडे होती. याच काळात, 1675 मध्ये, ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर वसईला येऊन गेला. 1698 मध्ये छापलेल्या त्याच्या प्रवासवर्णनात मुंगसाचा उल्लेख आहे. इंग्रजीतल्या सुरुवातीच्या नोंदींपैकी ही एक.

बदकाच्या जातीच्या ‘गूस’ पक्ष्याशी या शब्दाचा काहीही संबंध नाही. म्हणूनच ‘गूस’चं अनेकवचन ‘गीस’ होतं, पण मुंगसाचं ‘मॉन्गूसेस’.

मुंगूस उंदीर, साप, किडे खातं, त्यामुळे बागायतदाराला त्याची मदतच होते. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण दिलं आहे. तरीही रंगकामाच्या ब्रशसाठी त्याची चोरून शिकार होते. मुंगसाच्या केसांचा ब्रश विकत घेऊ नका आणि चित्रकला शिकणाऱ्या मुलांनाही हे आवर्जून सांगा.

#मुंगूस #मराठीशब्द #निर्मळ #वसई