पाव, चावी आणि दिवस

नाशिकमध्ये मिसळ मागवली की सोबत पाव येतोच. हा 'पाव' पोर्तुगिजांकडून मराठीत आला. त्यांच्या शेजारच्या स्पॅनिश भाषेत पावाला 'पान' म्हणतात. मग इंग्रजीत 'ब्रेड' कसा, असे एखादा विद्यार्थी विचारील. खरे तर इंग्रजीतही हा पाव आहे, पण लपलेला. लॅटिनमध्ये पावाला 'पानिस' म्हणत. 'पँट्री' म्हणजे मुळात पाव ठेवण्याची खोली, आणि 'कंपॅनियन' म्हणजे ज्याच्याबरोबर आपण पाव खातो तो!

स्पॅनिश आणि पोर्तुगीज या लॅटिनच्या मुली. इंग्रजी मात्र जर्मॅनिक कुळातली. इ. स. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले, आणि पुढे फ्रेंचमार्फत लॅटिन शब्दांचा लोंढा इंग्रजीत शिरला. त्यामुळे 'हॉस्पिटल' आणि 'अॅनिमल' हे शब्द स्पॅनिशमध्येही त्याच अक्षरांनी लिहितात. उच्चार तेवढा 'ओस्पिताल', 'अनिमाल' असा होतो.

काही नाती मात्र अशी उघड दिसत नाहीत. आपली 'चावी'सुद्धा पोर्तुगीज. तिला स्पॅनिशमध्ये 'यावे' म्हणतात. 'च' कुठे आणि 'य' कुठे! पण ज्योतीला पोर्तुगीजमध्ये 'शामा' व स्पॅनिशमध्ये 'यामा', पावसाला 'शुवा' व 'युविया'. (पोर्तुगीजमधला हा 'श' पूर्वी 'च' होता, तो जुना उच्चार आपल्या चावीत टिकला आहे.) लॅटिनमध्ये या शब्दांच्या आरंभी 'क्ल', 'फ्ल', 'प्ल' होते. इंग्रजीने घेतलेल्या शब्दांत ते तसेच राहिले, उदाहरणार्थ 'फ्लेम'. जीवशास्त्रातले 'क्लॅव्हिकल', म्हणजे गळ्याखालचे हाड, याचा मूळ अर्थ 'छोटी चावी'.

म्हणजे नाते ओळखायचे ते नुसत्या सारखेपणावरून नव्हे, तर बदलाच्या नियमितपणावरून. हे मुद्दाम सांगायचे कारण असे, की दोन शब्द कानाला सारखे लागले की 'हा आपल्याकडूनच तिकडे गेला' असे ठोकून देण्याची आपल्याकडे फार हौस आहे. वर्गात एक कसोटी लावून पाहा.

दोन, दहा, दात यांना स्पॅनिशमध्ये 'दोस', 'दिएस', 'दिएंते' म्हणतात, तर इंग्रजीत 'टू', 'टेन', 'टूथ'. मराठी आणि स्पॅनिशमध्ये 'द', तिथे इंग्रजीत 'ट'. हे शब्द कोणी कोणाकडून घेतलेले नाहीत; संस्कृत, लॅटिन आणि इंग्रजी यांच्या समान, फार प्राचीन पूर्वजाकडून ते आले आहेत. आता दिवसाला स्पॅनिशमध्ये 'दिआ' म्हणतात आणि इंग्रजीत 'डे'. सख्खी भावंडेच वाटतात. पण नियमाप्रमाणे इंग्रजीत 'ट' हवा होता! तेव्हा 'डे' परका. 'दिआ'चे खरे नाते आपल्या 'दिवस'शी आहे. आणि तो हरवलेला 'ट'? तो 'ट्यूजडे'च्या पहिल्या अर्ध्यात सापडतो. तिथे 'टिव' या जुन्या जर्मॅनिक देवाचे नाव आहे आणि ते आपल्या 'देव' शब्दाचे नातलग आहे. 'देव' आणि 'दिवस' यांचे मूळ एकच.

विद्यार्थ्यांसाठी आणखी एक जोडी: स्पॅनिश 'मुचो' आणि इंग्रजी 'मच'. दोन्हींचा अर्थ 'पुष्कळ'. त्यांतला एक लॅटिन 'मुल्तुस'पासून आला, म्हणजे 'मल्टिप्लाय'चा नातेवाईक. दुसरा आपल्या 'महा'चा. कोणता कोणाचा, हे मुलांना आधी ओळखू द्यावे, मग शब्दकोश उघडावा.